स्वयंसेवक का येतात, का टिकतात आणि का जातात: हेतू ओळखण्याची पद्धत

‘तुम्हाला स्वयंसेवक का व्हावंसं वाटलं?’ या प्रश्नाचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं: ‘समाजासाठी काहीतरी करायचं होतं.’ ते खोटं नसतं. पण त्यावरून या माणसाला रुग्णाशेजारी बसवावं, नोंदवहीचं काम द्यावं की नव्यांना शिकवायला लावावं, हे ठरवता येत नाही. तीन महिन्यांनी तो यायचा थांबला तर का थांबला, हेही कळत नाही. स्वयंसेवकांचं समन्वयन करणाऱ्याला या उत्तराच्या मागे जावंच लागतं. त्याची रीत आहे आणि ती शिकता येते.

सुरुवातीलाच एक समजूत बाजूला ठेवा. निःस्वार्थ हेतू खरा आणि स्वतःला काही मिळावं हा हेतू हलका, अशी प्रतवारी आपल्या मनात पक्की बसलेली असते. ॲलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी एड्सग्रस्तांची सोबत करणाऱ्या स्वयंसेवकांचा पाठपुरावा करून १९९५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. काही शिकावं, आत्मविश्वास वाढावा अशा स्वतःशी जोडलेल्या कारणांनी आलेले लोक त्यात अधिक काळ टिकलेले दिसले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत चित्र असंच आलं नाही, त्यामुळे हा नियम मानू नका. पण ‘स्वतःसाठी येणारा लवकर पळतो’ हा समज गृहीत धरायला आधार नाही, एवढं नक्की. ही प्रतवारी तुमच्या चेहऱ्यावर दिसली तर समोरचा माणूस खरं कारण सांगणारच नाही, आणि मग पुढची सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न एक नसून चार आहेत

‘का’ या एका शब्दात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात: मुळात का आला, इतक्या कामांतून हेच काम का, का टिकला आणि का गेला. चारही प्रश्नांना एकाच माणसाची उत्तरं वेगवेगळी येतात. मैत्रिणीबरोबर म्हणून आलेली मुलगी काम आवडलं म्हणून टिकते आणि परीक्षेमुळे नाही, तर कोणी तिच्या चुकांवर चारचौघांत बोललं म्हणून सोडते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा मनात नसून परिस्थितीत असतं. कोणीतरी थेट विचारलं, वेळ मोकळा होता, जागा वाटेवर होती. परिस्थितीचं वजन किती असतं हे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसतं. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं गेलं आणि वाटेत एक माणूस विव्हळत बसवला होता. फारशी घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, मध्यम घाईत असलेल्यांपैकी ४५ टक्के आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. काही जण तर मदतीच्याच दृष्टान्तावर बोलायला निघाले होते, आणि त्यानेही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून एखादा येत नसेल तर त्याच्या कळकळीवर शंका घेण्याआधी त्याचं वेळापत्रक विचारा.

सहा हेतू

गिल क्लेरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली सहा हेतूंची चौकट आजही सर्वांत उपयोगी आहे. एकच काम वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या गरजा भागवतं, ही त्यामागची कल्पना. सहा हेतू असे: आपली मूल्यं कृतीत आणणं, काही समजून घेणं आणि शिकणं, स्वतःबद्दल बरं वाटणं, करिअरला उपयोग होणं, आपल्या माणसांबरोबर असणं किंवा त्यांच्या नजरेत राहणं, आणि स्वतःच्या अडचणींपासून आसरा मिळणं. एका माणसात यांतले दोन-तीन हेतू एकत्र असणं हे नेहमीचं. एकच शोधत बसू नका.

मूल्यं, शिकणं आणि करिअर हे तीन हेतू लोक स्वतःहून सांगतात, त्यांच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. पाहायचं इतकंच की शिकायला आलेल्याला खरंच नवं काही शिकायला मिळतंय का, आणि करिअरसाठी आलेल्याला नाव घेऊन सांगता येईल असं एखादं पूर्ण झालेलं काम हाती लागतंय का.

उरलेले तीन मात्र झाकलेले राहतात. आपल्या माणसांचा हेतू ओळखायची खूण म्हणजे संभाषणात येणारी दुसऱ्यांची नावं: ‘आमच्या ग्रुपमधले सगळे येतात’, ‘बाबा आधीपासून इथे होते’. ही माणसं ज्या सोबत्यासाठी येतात तो गेला की आठवड्याभरात त्यांचीही हजेरी उतरते. स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून आलेल्यांना आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय हे रोज दिसावं लागतं. निवृत्ती, मुलं मोठी होऊन घराबाहेर पडणं, आजारपणानंतर पुन्हा उभं राहणं अशा वळणांवर हा हेतू जोर धरतो.

आसरा हा सहावा हेतू सर्वांत नाजूक. एकटेपण, अपराधी भाव, घरातल्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणं यातून बाहेर पडण्यासाठी माणूस काम शोधतो. असा माणूस सुरुवातीला सर्वांत जास्त तास देतो. सगळे त्याचं कौतुक करतात, आणखी काम देतात, आणि काही आठवड्यांतच तो थकून किंवा दुखावून बाहेर पडतो. खूण अशी: ठरलेल्या पाळीनंतरही घरी जायला नको असतं, सुट्टीच्या दिवशी हमखास येतो, आणि ‘घरी बसलं की डोक्यात विचार येतात’ असं कधीतरी सहज बोलून जातो. त्याला नाकारू नका, पण तासांची मर्यादा पहिल्या दिवशीच ठरवून द्या. आठवड्याला दोन पाळ्या ही सुरुवातीला पुरेशी मर्यादा आहे. ज्याचं दुःख ताजं आहे त्याला तशाच दुःखातल्या लोकांसमोर लगेच बसवू नका. आधी पडद्यामागचं काम द्या.

मुलाखत कशी घ्यावी

नाव नोंदवताना हेतू विचारायची सवय मोडा. त्या वेळी माणूस आपली निवड व्हावी म्हणून बोलत असतो. तिसऱ्या किंवा चौथ्या पाळीनंतर २५ ते ३० मिनिटांचं बोलणं ठरवा. जागा शांत हवी, पण बंद दाराआडची नको. टेबलाच्या समोरासमोर न बसता काटकोनात बसा. जमलं तर त्याच्या कामाची पाळी ठरवणाऱ्या व्यक्तीने मुलाखत घेऊ नये, कारण ‘खरं सांगितलं तर आवडती पाळी जाईल’ ही भीती उघडपणे कोणी बोलून दाखवत नाही.

‘का’ हा शब्द पहिली पंधरा मिनिटं टाळा. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्येच दाखवून दिलं की आपण एखादी गोष्ट का केली हे सांगताना माणसं बरेचदा खरं कारण न सांगता पटण्याजोगं कारण देतात, आणि तेही प्रामाणिकपणे. घटना मात्र माणसाला आठवतात. म्हणून कारण विचारू नका, घटना विचारा. खालचे प्रश्न याच क्रमाने घ्या:

१. इथे यायचं ठरवलं तो दिवस आठवतो का? त्या आठवड्यात काय चाललं होतं?
२. आमच्याबद्दल कोणाकडून कळलं? पहिल्या दिवशी कोणाबरोबर आलात?
३. इथे आला नसता तर तो वेळ कशात गेला असता?
४. गेल्या पाळीतला कोणता क्षण घरी जाऊन कोणाला तरी सांगितलात?
५. कोणती पाळी नकोशी वाटली होती? तरी आलात, ते कशामुळे?
६. घरचे काय म्हणतात?

चौथा प्रश्न एकटा बाकी सगळ्यांना भारी पडतो. माणूस घरी जाऊन जे सांगतो तेच त्याला इथे मिळालेलं असतं. ‘आजींनी माझं नाव लक्षात ठेवलं’ आणि ‘साठा नोंदवायची नवी पद्धत मी बसवली’ या दोन उत्तरांतली माणसं एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच प्रकारचं काम करत असली तरी वेगळ्या गोष्टींसाठी येतात.

सहावा प्रश्नही कमी समजू नका. घरातून ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस’ असं ऐकून येणारी व्यक्ती प्रत्येक पाळीची किंमत घरात चुकवत असते. तिला वेळेवर सोडणं हेच तिला टिकवणं.

बोलणं कसं पुढे न्यायचं ते एका छोट्या तुकड्यात पाहा:

‘ताई, इथे यायचं ठरवलं तेव्हा काय चाललं होतं?’
‘काही विशेष नाही. समाजासाठी काहीतरी करावं असं खूप दिवसांपासून होतं.’
‘आणि त्याच आठवड्यात कसं जमलं?’
‘तसं... सासूबाई गेल्या त्याला दोन महिने झाले होते. तीन वर्षं त्यांचंच सगळं करत होते. दुपार रिकामी झाली.’

पहिलं उत्तर मूल्यांचं आहे आणि ते खरं आहे. दुसऱ्यात आसरा आहे, आणि आपण अजून कोणाच्या तरी कामाचे आहोत ही जाणीवही. या दोन उत्तरांच्या मध्ये काय केलं? ‘त्याच आठवड्यात’ एवढाच शब्द धरला, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसलो. प्रश्नानंतर पाच-सहा सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण ती आपणच भरली तर समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर राहतं. इथे पुढचा प्रश्न लगेच विचारू नका. ‘तीन वर्षं म्हणजे मोठा काळ’ असं म्हणून थांबा. तिला पुढे बोलायचं असेल तर ती बोलेल, नसेल तर विषय बदलेल, आणि तो बदलू द्यायचा.

नोंद करताना त्यांचेच शब्द लिहा. ‘दुपार रिकामी झाली’ याचं ‘मोकळा वेळ उपलब्ध’ असं केलं की नेमकं जे कळलं होतं ते पुसलं जातं. आपला अर्थ दुसऱ्या रकान्यात, वेगळ्या शाईत. आजारपण किंवा मृत्यू यांचे तपशील सगळ्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावर जाऊ नयेत. तिथे फक्त ‘आठवड्याला दोन पाळ्या, दुपारी’ एवढंच पुरे.

प्रश्नावली कधी, आणि आकडे कसे वाचायचे

वीस-पंचवीस माणसांपर्यंत मुलाखतच पुरते. संख्या वाढली की प्रश्नावली घ्या. क्लेरी आणि स्नायडर यांच्या मूळ प्रश्नावलीत ३० विधानं आहेत, प्रत्येक हेतूसाठी पाच, आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे असतात. भाषांतर करताना वाक्यं बोलीत आणा, पाच-सहा जणांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि जिथे ते अडखळतात ते वाक्य बदला. एका हेतूची पाच विधानं सलग ठेवू नका, मिसळा, नाहीतर माणूस पहिल्याला दिलेला आकडा खाली उतरवत जातो.

प्रत्येक हेतूच्या पाच गुणांची सरासरी काढायची. इथपर्यंत सगळे बरोबर येतात आणि नंतर चुकतात, कारण सर्वांत मोठा आकडा हाच मुख्य हेतू असं धरतात. मूल्यांचे गुण बहुतेक सगळ्यांचेच वर असतात, ‘गरजूंबद्दल मला कळकळ वाटते’ या वाक्याला २ गुण कोण देईल? शिवाय काही माणसं सगळीकडेच ६-७ देतात, काही हात आखडून ३-४. म्हणून दोन वजाबाक्या करा.

समजा एका स्वयंसेविकेच्या सरासऱ्या अशा आहेत: मूल्यं ६.८, शिकणं ६.४, स्वतःबद्दल बरं वाटणं ४.२, करिअर १.६, आपली माणसं ५.८, आसरा ५.२. सहांची सरासरी ५.०. ती प्रत्येकातून वजा केली की अनुक्रमे +१.८, +१.४, −०.८, −३.४, +०.८, +०.२ उरतं. हीच वजाबाकी सगळ्या गटासाठी करून त्याची सरासरी काढा. समजा गटाची ती +१.९, +१.२, −०.२, −१.८, −०.६, −०.५ आली. आता तिच्या आकड्यांतून गटाचे वजा करा. मूल्यं −०.१, म्हणजे चारचौघांसारखीच. शिकणं +०.२, तेही तसंच. आपली माणसं +१.४. कच्च्या गुणांत तिसऱ्या क्रमांकावर असलेला हेतू हाच तिला इतरांपासून वेगळं करणारा निघाला. तिला एकटीने करायचं काम दिलंत तर ती तक्रार न करता हळूहळू कमी येईल.

गट दहापेक्षा लहान असेल तर दुसरी वजाबाकी भरवशाची नाही, पहिलीवरच थांबा. आणि आकडे काहीही सांगोत, मुलाखत उलटं सांगत असेल तर मुलाखतीवर विश्वास ठेवा.

बोलण्यापेक्षा वागणं पाहा

चार पाळ्यांची नोंद ठेवा: पाळी संपल्यावर कोणाजवळ रेंगाळतात, कोणतं काम दुसऱ्याशी अदलाबदल करून टाळतात, कोणत्या कामासाठी न सांगता लवकर येतात, कोणाबद्दल पुन्हा विचारतात. चहाच्या वेळी गटात जाणारा आणि तेवढ्या वेळात यादी पूर्ण करणारा, दोघांचे हेतू तुम्हाला न विचारता दिसतात. एकाच दिवसावरून मात्र निष्कर्ष काढू नका, त्या दिवशी डोकं दुखत असेल.

हेतूप्रमाणे काम, आणि कामाप्रमाणे शब्द

हेतू कळला की दोन गोष्टी बदलायच्या: काम आणि आभार मानायची पद्धत. शिकायला आलेल्याला सहा-आठ आठवड्यांनी कामाची पुढची पायरी द्या. माणसांसाठी आलेल्याला कायम त्याच जोडीदाराबरोबर ठेवा. मूल्यांसाठी आलेल्याला संस्थेचे निर्णय कसे होतात ते दाखवा, कारण बोलणं आणि वागणं यांतली तफावत त्याला सर्वांत आधी खुपते आणि तो मुकाट्याने जातो. स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून आलेल्याला ‘छान काम केलंत’ हे पुरत नाही. ‘तुम्ही काल फोन केलात म्हणून ते आज तपासणीला आले’ असं नेमकं सांगा.

ज्यांच्यासाठी काम करतो ते समोर दिसणं किती परिणाम करतं, याबद्दल ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहण्यासारखा आहे. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या काही जणांची शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी थोडक्या वेळाची भेट घडवली. महिनाभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. ते पगारी कर्मचारी होते, स्वयंसेवक नव्हते, पण पडद्यामागे काम करणाऱ्या प्रत्येकाला ही भेट मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मानधन, भेटवस्तू, सक्तीचे तास

प्रवासखर्च देणं आणि कामाचा मोबदला देणं यांत गल्लत करू नका. खर्च जरूर द्या, त्याने कोणाचा हेतू बिघडत नाही, उलट ज्यांना परवडत नाही त्यांचा रस्ता मोकळा होतो. किरकोळ मोबदला मात्र घात करतो. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधल्या प्रयोगात शाळकरी मुलं दारोदार देणगी गोळा करत होती. काहींना काहीच मिळणार नव्हतं, काहींना जमलेल्या रकमेच्या १ टक्का आणि काहींना १० टक्के रक्कम वेगळी मिळणार होती. सर्वांत जास्त रक्कम काहीच न मिळणाऱ्यांनी जमवली, सर्वांत कमी १ टक्कावाल्यांनी. थोडे पैसे मध्ये आले की सेवेचं रूपांतर स्वस्त मजुरीत होतं, आणि माणूस त्या मजुरीइतकंच काम करतो.

अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या तासांचं असंच. आर्थर स्टुकस, स्नायडर आणि क्लेरी यांनी १९९९ मध्ये दाखवलं की आधी स्वेच्छेने काम केलेल्या विद्यार्थ्यांतही सक्तीची जाणीव तीव्र असेल तर पुढे काम करण्याची इच्छा ओसरते. तास कमी करणं तुमच्या हातात नसेल तर निवड तुमच्या हातात आहे: दोन-तीन कामांतून त्यांना एक निवडू द्या, वेळही त्यांनाच ठरवू द्या.

हेतू बदलतो, म्हणून पुन्हा विचारा

सहाव्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्षाने, दहा मिनिटं पुरतात. फक्त चौथा आणि पाचवा प्रश्न विचारा आणि जुन्या नोंदीशेजारी नवं उत्तर लिहा. करिअरसाठी आलेल्याला नोकरी लागली तरी तो येतोय, तर आता तो दुसऱ्याच कशासाठी येतोय. ते शोधा आणि काम बदला. आसऱ्यासाठी आलेली व्यक्ती सावरली की कमी येऊ लागते. ही चांगली बातमी आहे, तिला अपराधी वाटू देऊ नका.

जाणाऱ्याशी बोलणं

‘वेळ मिळत नाही’ हे सोडताना दिलं जाणारं सभ्य उत्तर. ते मान्य करा, वाद घालू नका. दोन-तीन आठवड्यांनी, जाणाऱ्याच्या पाळ्या न ठरवणाऱ्या कोणीतरी फोन करावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: ‘येणं कमी करावं असं पहिल्यांदा कधी वाटलं?’ आणि ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ पहिल्या प्रश्नाची तारीख हजेरीच्या वहीशी ताडून पाहा. बहुतेकदा पाळ्या त्या तारखेनंतर घटायला लागलेल्या दिसतात, म्हणजे सोडण्याचा निर्णय तुम्हाला कळला त्याच्या बराच आधी झालेला असतो. परत येण्याची गळ या फोनवर घालू नका. ज्या वस्तू किंवा किल्ल्या परत द्यायच्या राहिल्या असतील त्यांचा विषयही वेगळ्या दिवशी काढा.